वादी तोच न्यायाधीश

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीला रंग लागला होता आणि काळ्या कोटातली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही मागणी चार दशकांहून जुनी. तोवरची रीत अशी होती: रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर बाकावर बसायचं, तारीख पडली की त्याच गाडीनं परत. दोन बिघ्यांच्या दाव्यात तिकिटं, लॉजिंग आणि वकिलाची फी धरली, तर जमीन जिंकूनही हातात काही उरायचं नाही. म्हणून कित्येकांनी अपील केलंच नाही. त्या न झालेल्या अपिलांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

ही न झालेली अपिलं लक्षात असू द्या. पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

कोल्हापूर आपल्या दारात न्यायालय मागत होतं, त्याच वर्षांत जगात आणखी एक न्यायालय उभं राहिलं. त्याला इमारत नाही, पट्टेवाला नाही, सुट्टीही नाही. ते आपल्या पोरांच्या खिशात आहे. राजारामपुरीत किंवा फुलेवाडीत रात्री दोन वाजता हेडफोन लावून गेम खेळणारा, तो खेळ रेकॉर्ड करून वर 'आलं की रं तिकडनं, हाण की!' असं निवेदन चढवणारा पोरगा या न्यायालयात कधी ना कधी आरोपी म्हणून उभा राहतो. तिथल्या खटल्याला पोरं 'क्लेम' म्हणतात. 'भावा, क्लेम आला' एवढं म्हटलं की बाकीच्यांना सगळं कळतं.

या क्लेमचा इतिहास सांगायचा तर सुरुवात कंपनी सरकारापासून करावी लागते.

हिंदुस्थानातला पहिला कॉपीराइट कायदा १८४७चा, त्या वर्षीचा विसावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातल्या मुलखासाठी तो होता. लेखकाच्या हयातीत आणि नंतर सात वर्षं हक्क. हे मिळून बेचाळीस वर्षं भरत नसतील तर बेचाळीस. त्यातली एक तरतूद मला आज फार मोलाची वाटते. हक्कभंगाचा दावा करायचा तर तो त्या मुलखातल्या सर्वांत वरच्या दिवाणी न्यायालयात करायचा. पुस्तक चोरलं असा आरोप करणं ही ऐऱ्यागैऱ्याच्या चावडीवर उरकायची गोष्ट नाही, एवढं तरी कंपनी सरकारला कळत होतं.

१९१४ला इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर नवा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९५७चा, जो दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. त्यात कलम ६० आहे. कुणी स्वतःला कॉपीराइटचा मालक म्हणवून परिपत्रकं काढून, जाहिराती देऊन किंवा आणखी कोणत्या मार्गानं दुसऱ्याला कायदेशीर कारवाईची धमकी देत असेल, तर ज्याला धमकी मिळाली त्यानं वाट बघत बसायचं कारण नाही. त्यानंच न्यायालयात जावं, धमकी निराधार आहे असं जाहीर करून घ्यावं, मनाई हुकूम मिळवावा, नुकसानभरपाई मागावी. १९५७ साली हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छापखाने आणि ग्रामोफोनवाले असतील. पण 'आणखी कोणत्या मार्गानं' हे शब्द टाकणाऱ्या मसुदाकाराला नमस्कार करावासा वाटतो.

पुढची चाल अमेरिकेत खेळली गेली. इंटरनेट नुकतं घराघरांत शिरत होतं तेव्हा, १९९८मध्ये, तिथे डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट झाला. त्यातला सौदा सरळ होता. संकेतस्थळावर लोकांनी चोरीचा माल टाकला तर मालकानं लेखी सूचना द्यायची, संकेतस्थळानं तो उतरवायचा, म्हणजे संकेतस्थळावर भरपाईची जबाबदारी येणार नाही. ज्याचा माल उतरवला त्याला उलट नोटीस देता येईल. सूचना देणाऱ्यानं सही करायची आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर परिणाम भोगायचे. म्हणजे अजून तरी दोन्ही बाजूंना माणूस होता.

यूट्यूब २००५ला आलं. २००६च्या अखेरीस गुगलनं ते १६५ कोटी डॉलरच्या शेअरना घेतलं आणि मार्च २००७मध्ये वायाकॉम कंपनीनं शंभर कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. (सात वर्षांनी, २०१४ला, ते आपसात मिटलं.) दावा चालू असतानाच, ऑक्टोबर २००७मध्ये, यूट्यूबनं एक यंत्र बाहेर काढलं. त्याचं नाव पुढे कंटेंट आयडी म्हणून रूढ झालं.

रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन ज्यानं पाहिलंय त्याला हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही. संगीत कंपनी किंवा चित्रपटसंस्था आपलं गाणं, आपला सिनेमा यंत्राकडे जमा करते. यंत्र त्याचा ठसा घेतं. मग जगातून जो जो व्हिडिओ चढतो, त्याचा ठसा काढून या साठ्याशी ताडलं जातं. जुळला की मालकानं आधीच सांगून ठेवलेलं घडतं: व्हिडिओ अडवा, किंवा चालू द्या पण जाहिरातीचे पैसे मला द्या, किंवा नुसती नजर ठेवा. बहुतेक मालक पैसेच निवडतात. या साठ्यात ठसे ठेवायची परवानगी मात्र सगळ्यांना नाही. जगभरात मिळून काही हजार संस्था. कोल्हापुरातला हलगीवादक आपली थाप तिथे स्वतः जमा करू शकत नाही. त्याची थाप एखाद्या कंपनीच्या गाण्यात असेल तर ठसा त्या कंपनीचा.

अंगठ्याच्या मशीनची गंमत रेशनच्या रांगेत कळते. म्हातारीचा अंगठा जुळत नाही आणि ती समोर उभी असून 'ती' ठरत नाही. कंटेंट आयडीचं उलटं होतं. न जुळायचंही ते जुळवून बसतं. ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकारानं दहा तासांचा नुसत्या खरखरीचा व्हिडिओ टाकला होता, जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर यायचा तसा आवाज. २०१८च्या जानेवारीपर्यंत त्यावर पाच क्लेम लागले होते. खरखरीचे मालक पाच निघाले.

गेम खेळणाऱ्यांशी या यंत्राची गाठ पडणं अटळ होतं, कारण गेमचा व्हिडिओ ही कायद्याच्या दृष्टीनं विचित्र वस्तू आहे. चित्रं कंपनीची, संगीत भलत्याचं, आणि खेळ खेळणाऱ्याचा. खासबाग मैदानात कुस्ती लागली की माइकवरचा निवेदक काय करतो? पट पकडला, ढाक लावली, हे तर डोळ्यांना दिसतंच. तो पैलवानाचं गाव सांगतो, वस्तादाचं नाव घेतो, मागच्या वर्षीचं उट्टं काढतो. लोक कुस्ती बघायला येतात तसे त्याला ऐकायलाही येतात. मैदान शाहू महाराजांनी १९१२ला बांधून घेतलं, कुस्ती पैलवानांची, पण ते बोलणं त्याचं एकट्याचं. गेमर हा असाच निवेदक. फरक एवढाच, की तो स्वतःच पैलवानही असतो. आणि एकच गेम दहा जण खेळले तर दहा वेगळ्या कुस्त्या होतात.

गेम कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. मे २०१३मध्ये निन्टेंडोनं आपल्या खेळांच्या व्हिडिओंवर सरसकट क्लेम लावून जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे वळवलं. ओरड झाली. मग २०१५ला त्यांनी वाटणीची योजना काढली: आमच्याकडे नोंदणी करा, तुम्हाला साठ-सत्तर टक्के देऊ. २०१८च्या अखेरीस तीही गुंडाळली आणि नियम पाळले तर खेळा बापडे, असं सांगितलं. ज्या व्हिडिओमुळे आपला खेळ फुकटात गावभर होतो, त्याला मुजरा करायचा की त्याच्याकडून वसुली करायची, हे ठरवायला एवढ्या मोठ्या कंपनीला पाच वर्षं लागली.

खरा भडका उडाला तो त्याच २०१३च्या डिसेंबरात. तोवर बरेच गेमर 'नेटवर्क' नावाच्या मध्यस्थ कंपन्यांच्या छत्राखाली असत. नेटवर्कमधल्या चॅनलांना यंत्राच्या झाडाझडतीतून बरीचशी सूट होती. यूट्यूबनं त्यातल्या बहुतेक चॅनलांची सूट काढली, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र एकदम जुन्या व्हिडिओंच्या ढिगावर सुटलं. सकाळी उठून बघावं तर पन्नास-पन्नास क्लेम. वर्षांपूर्वीची परीक्षणं, मुलाखती, जाहिरातींच्या झलकी, सगळ्यांवर. ज्यांचं पोट यावर होतं त्यांचं त्या महिन्याचं उत्पन्न अडकलं, तेही नाताळच्या तोंडावर, जाहिरातींच्या ऐन हंगामात.

यातला सगळ्यात बोलका भाग पुढचा. कॅपकॉम, ब्लिझर्ड, युबिसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनीच जाहीरपणे सांगितलं, की हे आम्ही केलेलं नाही. तुम्ही क्लेमवर हरकत घ्या, आम्हाला कळवा, आम्ही बघतो. मग केलं कुणी? पुष्कळदा संगीत वितरकांनी. गेमचं पार्श्वसंगीत अल्बम म्हणून विकायला एखाद्या वितरकाकडे दिलेलं. वितरकानं आपला सगळा गठ्ठा यंत्रात टाकलेला. यंत्राला गेममधली धून ऐकू आली की ठसा जुळला. घराच्या मालकानं पाहुण्याला आत बोलवावं आणि दारावरच्या रखवालदारानं त्याचा खिसा रिकामा करावा, असा हा प्रकार. पुढच्या ऑगस्टात ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळानंही तसलंच यंत्र बसवलं. ते साठवलेल्या व्हिडिओंचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे मुके करू लागलं. गेमच्या आतलं, गेमसाठीच बनवलेलं संगीतही त्यात गप्प झालं.

कोल्हापुरात त्या डिसेंबरची खबर कुणाला लागल्याचं मला आठवत नाही. २०१३ साली आपल्याकडची मोठी बातमी दुसरीच होती: खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी ऑगस्टच्या अखेरीपासून कामकाजावर बहिष्कार टाकला होता, कोर्टं ओस पडली होती. गेम म्हणजे तेव्हा नेट कॅफेत तासाच्या बोलीनं खेळायची गोष्ट. व्हिडिओ चढवायचा म्हटला तर रात्रभर मोडेम चालू ठेवावा लागे.

चित्र फिरलं ते ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आल्यावर. डेटा चहापेक्षा स्वस्त झाला. २०१८च्या मार्चमध्ये पबजी मोबाइल आला आणि तालमीच्या कट्ट्यावर पोरं माना खाली घालून बसलेली दिसायला लागली. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं ११८ ॲपांवर बंदी घातली त्यात पबजी गेला. पुढच्या जुलैत तो बीजीएमआय नावानं परतला, २०२२च्या जुलैत पुन्हा हटला, २०२३च्या मेमध्ये पुन्हा आला. या सगळ्या ये-जा करण्यात एक गोष्ट कायम राहिली: खेळणाऱ्यांमधून बोलणारे तयार झाले, आणि मराठीत, आपल्या रांगड्या मराठीत, गेमचं निवेदन करणारी पोरं उभी राहिली. त्यांच्यामागोमाग क्लेमही आला.

तो कसा येतो ते जरा जवळून बघू. समजा पोरानं जुनी व्हाइस सिटी काढली. २००२चा गेम, नेट कॅफेच्या पिढीचा लाडका. त्यात गाडी चोरून पळताना गाडीतला रेडिओ वाजतो आणि त्यावर १९८०च्या दशकातली खरीखुरी गाणी लागतात, मायकल जॅक्सनसुद्धा. गेम कंपनीनं ती गाणी गेमपुरती परवान्यानं घेतली होती. काहींचा परवाना संपल्यावर नंतरच्या आवृत्तीतून ती काढावीही लागली. पोरानं पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला. व्हिडिओ चढता चढताच नावासमोर 'कॉपीराइट' असा शब्द उमटतो. दाबलं की कळतं: अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत, अमुक गाणं, अमुक दावेदार. खाली पर्याय. तेवढा तुकडा कापा. गाणं पुसा. गाणं बदला. किंवा वाद घाला. काहीच केलं नाही तर पंचवीस मिनिटांच्या व्हिडिओची कमाई त्या सव्वा मिनिटाच्या गाण्याच्या मालकाकडे वळते.

इथे पोराची बाजू घेताना सांभाळून बोललं पाहिजे. गाणं त्याचं नाही, परवाना त्याच्याकडे नाही, आणि आपल्या कायद्यातलं 'उचित वापरा'चं कलम ५२ टीका, परीक्षण, चालू घडामोडी असल्या कामांसाठी आहे. गाडी पळवताना रेडिओ वाजला हे त्यात बसवणं वकिलाला जड जाईल. मालकाला काही मिळू नये असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण हिशेबाशी आहे. शेताच्या बांधावरचा एक आंबा शेजाऱ्याचा निघाला म्हणून अख्ख्या शेताचं पीक त्याच्या घरी जात नाही. कोणताही दिवाणी न्यायाधीश असा हुकूम देणार नाही.

आणि वाद घातला तर? सगळी मेख इथेच आहे. वाद जातो दावेदाराकडे. तीस दिवसांत त्यानंच ठरवायचं, की आपला क्लेम बरोबर होता की चूक. त्यानं फेटाळला तर पोरानं अपील करायचं. तेही त्याच्याचकडे जातं. आता त्याला सात दिवस. तरीही त्याचा हट्ट कायम असेल तर तो व्हिडिओ उतरवायची रीतसर मागणी करतो, आणि मग येतो 'स्ट्राइक'. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जायची वेळ येते. नुसता तो व्हिडिओ नव्हे, वर्षांची मेहनत. त्यापुढे उलट नोटीस देता येते आणि दावेदारानं दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात दावा लावल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. पण त्या नोटिशीत आपलं पूर्ण नाव, पत्ता लिहावा लागतो आणि तो समोरच्याकडे जातो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, घरी सांगितलेलं नाही, समोर परदेशी कंपनीचं नाव. तो 'वाद घाला'वर बोट ठेवतो आणि उचलतो.

यूट्यूबनं २०२१च्या अखेरीस आकडे जाहीर केले. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटी २० लाखांहून जास्त क्लेम. त्यातले ९९ टक्क्यांवर यंत्रानं लावलेले. त्यांपैकी एका टक्क्याहूनही कमी क्लेमवर वाद घातला गेला. आणि ज्यांवर घातला गेला, त्यातले साठ टक्के निकाल व्हिडिओवाल्याच्या बाजूनं लागले. कंपनीच्या मते एका टक्क्याहून कमी वाद म्हणजे यंत्र चोख चाललंय. सीपीआरसमोरच्या कोर्टात वय गेलेल्या वकिलाला हा आकडा दाखवा, तो हसेल. मुंबईला न गेलेली अपिलं म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर होता असं ज्याला वाटतं, त्यानं महालक्ष्मीचं तिकीट कधी काढलेलं नाही. जे गेले त्यातले निम्म्याहून जास्त जिंकले, हा या हिशेबातला खरा आकडा.

न्यायाधीश झोपलेला दिसला की चोर पुढे येतातच. २०१९ला यूट्यूबनंच अमेरिकेतल्या एका माणसावर दावा लावला. तो माइनक्राफ्टचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांवर खोट्या तक्रारी टाकून स्ट्राइक लावायचा आणि उठवायचे पैसे मागायचा. २०२२च्या मार्चमध्ये डेस्टिनी २ या खेळाच्या चाहत्यांचे व्हिडिओ धडाधड उतरले, खुद्द बंगी या निर्मात्या कंपनीचेसुद्धा. कुणीतरी कंपनीच्या प्रतिनिधीच्या नावानं बनावट ईमेल काढून सूचना धाडल्या होत्या. बंगीनं त्याला हुडकून कोर्टात खेचलं.

सालाचं भानही या यंत्राला नाही. १ जून १९२९ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवलाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ला पुण्याला जाण्याआधी त्यांनी इथेच १९३२चा 'अयोध्येचा राजा' केला. चित्रपटावरचा हक्क आपल्याकडे प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो, पूर्वी तो पन्नास होता. म्हणजे कोणताही हिशेब लावा, तो केव्हाच संपला. उद्या एखाद्या पोरानं गेमच्या व्हिडिओत त्यातला एखादा प्रसंग गमतीनं टाकला तर कायद्यानं कुणी हात लावू शकत नाही. पण कुणी जुनी प्रत साफसूफ करून यंत्रात भरली, तर? नियमात त्याला मनाई आहे. यंत्र ठसा बघतं, साल बघत नाही.

आपल्या देशाच्या नियमांत याहून बरी वाट आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर आणि २०१३च्या कॉपीराइट नियमांतल्या ७५व्या नियमानुसार, तक्रार मिळाल्यावर संकेतस्थळानं छत्तीस तासांत तो मजकूर अडवायचा. पण तक्रारदारानं एकवीस दिवसांत सक्षम न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. बोजा तक्रारदारावर. हुकूम न्यायाधीशाचा. कंटेंट आयडीचा क्लेम या वाटेनं येतच नाही. तो दोन कंपन्यांमधल्या करारातून येतो आणि आपण खातं उघडताना 'मान्य' म्हणून टिचकी मारलेली असते.

गेमवाल्या पोरांना, आणि त्यांच्या आईबापांना, एवढंच सांगतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. घाबरून चॅनल बंद करू नका. स्ट्राइक आल्यावर व्हिडिओ उडवला तरी स्ट्राइक उडत नाही. क्लेम चुकीचा वाटला तर पडद्याचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि पाच दिवसांच्या आत वाद घाला. पाच दिवसांच्या आत घातला तर क्लेम लागल्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवले जातात आणि निकालानंतर ज्याचे त्याला मिळतात. सहाव्या दिवशी घातला तर ते त्या दिवसापासूनच राखले जातात, आधीचे गेले.